भिंतीची ओल आणि छातीतला दमा : आपल्या श्वासाचा इतिहास

जुलै महिन्यात वस्तीत घरोघर फिरताना आम्हाला एक दृश्य हमखास दिसते. भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर असते आणि तसबिरीच्या मागे काळी बुरशी. घरातली बाई दर आठ-दहा दिवसांनी तसबीर उतरवते, मागची भिंत फडक्याने पुसते आणि तसबीर पुन्हा जागेवर लावते. पुढच्या आठवड्यात बुरशी परत येते.

अशाच एका घरातली ताई रद्दीच्या गोदामात कागद आणि पुठ्ठा निवडण्याचे काम करते. पावसाळ्यात माल ओला येतो, त्याला बुरशी चढलेली असते, आणि गठ्ठा सोडला की तिचा भुरका थेट नाकात जातो. दिवसभर ती हवा आणि रात्री घरातल्या ओल्या भिंतीची हवा. पहाटे तीनला तिला उठून बसावे लागते, कारण आडवे पडले की छाती सुईसुई वाजते. डॉक्टरांनी तपासून दमा सांगितला, पंप दिला आणि सल्लाही दिला : धुळीपासून लांब राहा, ओलसर जागेत राहू नका. सल्ला वैद्यकीयदृष्ट्या शंभर टक्के बरोबर आहे. पण ताईने आम्हाला विचारले, "मग राहू कुठं आणि खाऊ काय?"

या प्रश्नाचे उत्तर डॉक्टरांकडे नाही. ते इतिहासाकडे आहे. ओल निसर्गातून येते, पण कोणाच्या भिंतीला येते हे निसर्ग ठरवत नाही. हा लेख त्यासाठी आहे.

दमा कर्माचा नाही, कारणाचा

आधी शास्त्र थोडक्यात समजून घेऊ. दम्यात श्वासनलिका आतून सुजतात, त्यांच्या भोवतीचे स्नायू आकसतात आणि चिकट कफ साठतो. हवा आत घेता येते, पण बाहेर सोडताना जीव जातो. काहींना ही प्रवृत्ती घराण्यातून येते. पण प्रवृत्ती म्हणजे आजार नव्हे. तिला डिवचणारे काहीतरी लागते. धूळ, धूर, झुरळांची विष्ठा, रसायने आणि बुरशीचे डोळ्यांना न दिसणारे कण हे ते डिवचणारे घटक. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातील ओल आणि बुरशीवर स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. ओलसर इमारतीत राहणाऱ्यांना श्वसनाचे त्रास आणि दमा होण्याचा धोका जास्त असतो, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

म्हणजे दम्याला कारण आहे, आणि कारण आहे म्हणजे ते दूरही करता येते. बुद्धाने दुःखाबद्दल हेच सांगितले. आपल्या वस्त्यांत मात्र आजही दमा हा नशिबाचा, मागच्या जन्माचा किंवा "त्यांच्या घराण्यातच आहे" असा मानला जातो. ज्या समाजाने कर्मविपाकाचा सिद्धांत नाकारून धम्म स्वीकारला, त्या समाजाने छातीच्या रोगाला कर्माच्या खात्यात टाकणे ही मोठी विसंगती आहे. म्हणून आम्ही कारणांचा माग काढतो.

गावकुसाबाहेरची जागा

पहिले कारण आपल्याला मुंबईच्या आधी सापडते. महाराष्ट्रात अनेक गावांत महारवाडा गावाच्या पूर्वेला असतो. आपल्याकडे वर्षातला बराच काळ वारा पश्चिमेकडून वाहतो. म्हणजे गावावरून गेलेला वारा महारवाड्यावर येईल, महारवाड्यावरून आलेला वारा गावावर जाणार नाही, अशी ती रचना. शिवाय जागा बहुधा उताराची. गावाचे सांडपाणी आणि पावसाचे पाणी शेवटी जिथे येऊन थांबते, तिथे आपली घरे. विटाळाचा विचार नुसता स्पर्शापुरता नव्हता. तो वाऱ्याचा आणि पाण्याचाही विचार होता. कोणाच्या जमिनीत पाणी मुरेल, हे जातीने आधीच ठरवून टाकले होते.

दुष्काळ, वतनाची गुलामी आणि बिनमोल राबणूक यांतून सुटण्यासाठी आपली माणसे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईकडे आली. शहरात जात सुटेल अशी आशा होती. थोडी सुटलीही. पण शहराने त्यांच्यासाठी जी खोली ठेवली होती, तिला आधीच ओल आली होती.

प्लेग, ट्रस्ट आणि साडेत्रेसष्ट अंश

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मुंबईतला प्लेगचा पहिला रुग्ण ओळखला. वर्षभरात शहर हादरले. गिरण्या ओस पडल्या, माणसे गावाकडे पळाली, व्यापार बसला. तोपर्यंत कामगारांच्या अंधाऱ्या, कोंदट खोल्यांची चिंता कोणाला नव्हती; व्यापार बसल्यावर ती एकदम सगळ्यांना वाटू लागली. १८९७ चा साथरोग कायदा आला आणि १८९८ साली बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. गलिच्छ वस्त्या पाडणे, रुंद रस्ते काढणे आणि गरिबांसाठी हवेशीर चाळी बांधणे हे ट्रस्टचे काम. पाडण्याचे आणि रस्त्यांचे काम जोमाने झाले. बांधण्याचे काम त्या मानाने मागे पडले. ज्यांची घरे पाडली गेली, ते शेजारच्या आधीच भरलेल्या चाळींत कोंबले गेले.

पण या ट्रस्टच्या इतिहासात एक गोष्ट आपल्या तरुणांनी पाठ करून ठेवावी अशी आहे. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी खोलीतल्या उजेडाचा आणि हवेचा एक नियम आग्रहाने मांडला. तो साडेत्रेसष्ट अंशांचा नियम म्हणून ओळखला जातो. सोप्या भाषेत त्याचा अर्थ असा : समोरच्या इमारतीची उंची मधल्या मोकळ्या जागेच्या दुपटीपेक्षा जास्त नको. इमारत वीस मीटर उंच असेल तर मध्ये किमान दहा मीटर जागा हवी. तेवढी जागा असेल तरच तळमजल्यावरच्या खोलीत आकाशाचा उजेड पोहोचतो, भिंत वाळते आणि हवा खेळते. हा नियम करणारे काही आपले कैवारी नव्हते. ते साम्राज्याचे अधिकारी होते आणि त्यांना गिरण्या चालू ठेवायच्या होत्या. तरीही गरिबाच्या खोलीला किती आकाश लागते, याचे गणित शंभर वर्षांपूर्वी याच शहरात मांडले गेले होते. हे गणित आपण पुढे पुन्हा वापरणार आहोत.

१९२० मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट सुरू झाले. पन्नास हजार खोल्या बांधायचा संकल्प सोडला गेला. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून २०७ चाळी झाल्या. प्रत्येक चाळीत ८० खोल्या, प्रत्येक खोली सुमारे १६० चौरस फुटांची. मधोमध बोळ आणि दोन्ही अंगांना खोल्या. खोलीला बाहेरच्या बाजूने उघडे अंग एकच, त्यामुळे वारा आरपार जाण्याची सोय नाही. याच बीडीडी चाळींत पुढे आपली माणसे मोठ्या संख्येने राहिली, इथेच चळवळ वाढली, १९७४ ची वरळीची दंगल इथेच झाली आणि पँथर रस्त्यावर उतरले. आपण या चाळींचा अभिमानाने उल्लेख करतो, आणि तो योग्यच आहे. पण त्या खोल्यांत रात्री कोण खोकत होते, याचा इतिहास आपण लिहिलेला नाही.

१९२१ च्या सुमाराच्या मुंबईच्या नोंदीत एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांतले अर्भकमृत्यूचे प्रमाण हजार जन्मांमागे आठशेच्या वर दिले आहे. चार किंवा अधिक खोल्यांच्या घरांत ते याच्या एक पंचमांशाहूनही कमी होते. अनेक बाया बाळंतपणाला गावी जात आणि जन्माची नोंद मुंबईत होत नसे, म्हणून पहिला आकडा फुगलेला आहे, असा आक्षेप घेतला जातो. तो मान्य करू. आकडा निम्मा केला तरी उरते ते भयंकरच आहे. खोल्यांची संख्या आणि श्वासांची संख्या यांचा संबंध सरकारी कागदावरच लिहिलेला होता.

खुद्द बाबासाहेब परळच्या ट्रस्टच्या चाळीत सुमारे दोन दशके राहिले. जगातल्या मोठ्या विद्यापीठांच्या पदव्या घेतलेला माणूस दोन खोल्यांत कुटुंबासह राहत होता आणि तिथूनच महाडचा, काळारामचा आणि गोलमेजचा लढा चालवत होता. कामगाराची खोली म्हणजे काय हे त्यांना कोणत्या अहवालातून वाचावे लागले नाही.

धोट्याची जात

आता घरातून कामावर जाऊ. कापसाच्या गिरणीत दोन प्रकारची वाईट हवा होती. सुरुवातीच्या खात्यांत, जिथे कापूस फोडला आणि पिंजला जात असे, तिथे धुळीचा धुरळा. या धुळीने होणाऱ्या रोगाला बिसिनोसिस म्हणतात. त्याची खूण मोठी विलक्षण आहे : सुट्टीनंतर कामावर आल्या दिवशी छाती सर्वात जास्त आवळते, म्हणून त्याला सोमवारचा ताप म्हणायचे. सुरुवातीला आठवड्याच्या शेवटी बरे वाटते. वर्षे गेली की दररोजच सोमवार होतो.

दुसरी वाईट हवा साचेखात्यात होती. कोरड्या हवेत सूत तुटते, म्हणून विणाईच्या खात्यात मुद्दाम वाफ सोडून हवा दमट ठेवत आणि वारा येऊ नये म्हणून खिडक्या बंद. सुताला पिठाची आणि चरबीची खळ लावलेली. दमटपणा, ऊब आणि खळ, म्हणजे बुरशीला लागणारे सगळे एका छताखाली. कापडाला बुरशी येऊ नये म्हणून मालक खळीत औषध घालत होते. माणसाच्या फुप्फुसासाठी असे काही घालण्याची पद्धत नव्हती.

या दोन खात्यांमध्ये एक जातीची भिंत होती. साचेखात्यात मजुरी जास्त होती आणि तिथे अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. कारण सांगितले जायचे ते असे : धोट्यातली कांडी बदलताना विणकर सुताचे टोक तोंडाने ओढून घेतो, अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा सवर्ण कामगार कसा वापरणार? म्हणून आपली माणसे कमी मजुरीच्या कताईच्या खात्यांत अडकली. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न थेट कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. ही बंदी उठवण्याची मागणी संपाच्या मागण्यांत घ्या, नाहीतर आमच्या लोकांना संपात राहायला सांगणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. पुढाऱ्यांनी ती नाइलाजाने घेतली. मालकांनी उत्तर दिले की हा अन्याय असेल तर तो आम्ही केलेला नाही. १९३८ च्या मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत असे बाबासाहेब म्हणाले. त्यामागे गिरणीतला हा अनुभवही होता.

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगायला हवी. साचेखात्यातली हवाही चांगली नव्हती. तिथला सवर्ण विणकरही आजारी पडत होता, आणि तोंडाने सूत ओढणे कोणाच्याच आरोग्याला बरे नव्हते. मग बाबासाहेब त्या खात्यात प्रवेश का मागत होते? कारण धोका दोन्हीकडे असताना जास्त मजुरी एकाच बाजूला होती. चार पैसे जास्त मिळाले की माणूस दूध घेऊ शकतो, औषध घेऊ शकतो, एक खोली मोठी घेऊ शकतो. तोंडाने सूत ओढण्याची गरजच पडू नये असे धोटे जगात तेव्हाही माहीत होते. पण विटाळाची भीती घालून कामगार वेगळे ठेवणे स्वस्त पडत होते. दोघांनी मिळून हवेचा प्रश्न विचारला असता तर मालकाला उत्तर द्यावे लागले असते. जातीने ती एकजूट होऊ दिली नाही. जात सवर्ण कामगाराच्या फुप्फुसालाही महाग पडली, हे त्याला कोणी सांगितले नाही.

कायद्यात हवा आली, घरात आली नाही

जुलै १९४२ ते १९४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. कामाचे तास, कामगारांचा आरोग्य विमा, खाणीतल्या स्त्रियांचा प्रश्न, कल्याण निधी यांवर त्या काळात जे काम झाले, त्याच पायावर १९४८ चे कायदे उभे राहिले : कारखाना कायदा आणि कर्मचारी राज्य विमा कायदा. कारखाना कायद्याचे कलम १३ हवा आणि तापमानाबद्दल होते, कलम १४ धूळ आणि वाफाऱ्याबद्दल, कलम १५ कृत्रिम दमटपणाबद्दल, कलम १६ गर्दीबद्दल. म्हणजे साचेखात्याच्या दमट हवेला शेवटी कायद्याच्या पुस्तकात जागा मिळाली. आजही कामगार नुकसानभरपाईच्या कायद्यात बिसिनोसिस आणि कामामुळे होणारा दमा हे व्यवसायजन्य रोग म्हणून अनुसूचीत आहेत.

पण हा कायदा ज्याला "कारखाना" म्हणत होता तिथेच लागत होता : वीज असेल तर दहा कामगार, नसेल तर वीस. २०२० च्या संहितेने हा आकडा वीस आणि चाळीसवर नेला. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद झाल्या, आणि गिरणी कामगारांची मुले अशा जागी कामाला लागली जिथे हा आकडा कधीच पुरा होत नाही : रद्दीची आणि भंगाराची गोदामे, पत्र्याखालचे शिलाईचे गाळे, कंत्राटी सफाई. आपली ताई ज्या गोदामात काम करते तिथे सात बायका आहेत. कायद्याच्या नजरेत ती जागाच अस्तित्वात नाही.

घराची गोष्ट आणखी वाईट. गोवंडी-मानखुर्दच्या पुनर्वसन वसाहतींत, लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंडमध्ये, सात-सात मजल्यांच्या इमारती एकमेकींपासून साधारण तीन मीटरवर उभ्या आहेत. घर २२५ चौरस फुटांचे. उजेड आणि हवा नसणे आणि तिथला क्षयरोग यांचा संबंध २०१८ साली 'डॉक्टर्स फॉर यू' संस्थेच्या अभ्यासाने दाखवला. आता ते साडेत्रेसष्ट अंशांचे गणित काढा. वीस-बावीस मीटर उंचीच्या इमारतीला दहा-अकरा मीटर जागा हवी. मिळाली तीन. प्लेगच्या काळातल्या गोऱ्या साहेबाने गरिबाला जेवढे आकाश देऊ केले होते, त्याच्या एक तृतीयांशही स्वतंत्र भारताच्या पुनर्वसनाने दिले नाही. नळाची गळती, सांडपाण्याच्या पाइपची गळती आणि कधीही ऊन न लागणारी भिंत : बुरशीला आणखी काय हवे?

"हे लोक राहतातच तसे"

यावर नेहमीचे उत्तर तयार असते. हे लोक खिडक्या उघडत नाहीत, घरात कपडे वाळत घालतात, दाटीवाटीने राहतात. म्हणजे दोष भिंतीचा नाही, राहणाऱ्याचा. हे उत्तर आपल्याला ओळखीचे वाटत असेल, कारण ते अस्पृश्यतेइतकेच जुने आहे. आधी माणसाला घाणीत ठेवायचे, मग तो घाण आहे म्हणून सांगायचे.

आणि हे फक्त भारतात होत नाही. इंग्लंडमधल्या रॉचडेल शहरात डिसेंबर २०२० मध्ये दोन वर्षांचे एक बाळ बुरशीने भरलेल्या भाड्याच्या घरात श्वसनाच्या आजाराने दगावले. कुटुंब सुदानमधून आलेले. वडिलांनी वारंवार तक्रार केली होती. घरमालक संस्था कुटुंबाच्या राहणीला आणि आंघोळीच्या पद्धतीला दोष देत राहिली. २०२२ च्या चौकशीत मृत्यूचे कारण घरातली बुरशीच ठरले. त्यानंतर लोकांनी रेटा लावला आणि २०२३ मध्ये कायदा बदलला : सार्वजनिक घरमालकाने ओल आणि बुरशीची तक्रार ठरावीक मुदतीत तपासून दुरुस्त केली पाहिजे. तो कायदा त्या बाळाच्या नावाने 'अवाबचा कायदा' म्हणून ओळखला जातो. तिथे बुरशी हा आता सवयीचा नाही, हक्काचा प्रश्न आहे. आपल्याकडे का नाही?

काही मित्र म्हणतात, ओल काय फक्त आपल्याच घरात आहे का? सवर्ण गरीबही चाळीत राहतो. खरे आहे, आणि त्याच्यासाठीही आम्ही बोलतो आहोत. पण भंगार निवडणारे, गटार उपसणारे, रस्ता झाडणारे हात कोणत्या जातींचे आहेत, हे हजेरीपटावरची आडनावे वाचून कोणीही सांगेल. प्रश्न ओलीत कोण राहतो एवढाच नाही. ओलीतून बाहेर पडायचा जिना कोणासाठी तोडून ठेवला होता, हा आहे.

आपण काय करायचे

इतिहास कळला म्हणून आज रात्रीचा खोकला थांबत नाही. म्हणून काही कामाच्या गोष्टी.

पंपाची लाज सोडा. "एकदा पंप लागला की सुटत नाही" ही समजूत चुकीची आहे. पंपातले औषध अगदी थोड्या मात्रेत थेट श्वासनलिकेत जाते. रोज घ्यायचा पंप सूज कमी करतो, झटक्याच्या वेळचा पंप आकसलेल्या नळ्या मोकळ्या करतो. बरे वाटले म्हणून रोजचा पंप डॉक्टरांना न विचारता बंद करू नका. मुलीचे लग्न मोडेल म्हणून पंप लपवणारी घरे आम्ही पाहिली आहेत. पंप लपवून मुलीचा श्वास वाचत नाही.

एक वही ठेवा. कोणत्या दिवशी त्रास झाला, कामावर होता की सुट्टी होती, हे लिहा. सुट्टीत बरे वाटते आणि कामावर गेले की छाती भरते, असे दिसले तर डॉक्टरांना काम काय करता ते स्पष्ट सांगा आणि कागदावर लिहून घ्या. भरपाईचा दावा त्या कागदावर उभा राहतो.

बुरशी कोरड्या फडक्याने पुसू नका. तिचे कण हवेत उडतात. नाकतोंड बांधून, साबणाच्या पाण्याने, आणि दम्याच्या माणसाला बाहेर बसवून साफ करा. पण गळती बंद केल्याशिवाय रंग मारणे म्हणजे जखमेवर नुसती पट्टी. भिंतीचा फोटो तारखेसह ठेवा. एका घराची तक्रार म्हणजे कटकट, चाळीस घरांची तक्रार म्हणजे निवेदन.

आणि एक गोष्ट आपल्या स्वतःच्या घरासाठी. छोट्या बंद खोलीत वंदनेच्या वेळी अगरबत्त्यांचा धूर करू नका. फुले पुरेशी आहेत. दम्याच्या लेकराला खोकला लावून केलेली वंदना तथागतांना कशी आवडेल?

शेवटी चळवळीबद्दल. आमच्यासकट आपण सगळे जयंतीच्या मंडपाचा हिशेब चोख ठेवतो. त्याच वहीत आणखी एक पान उघडू या : आपल्या वस्तीत किती घरांना ओल आहे, किती जणांना दमा आहे, कोण कुठे काम करते. हे पान घेऊन आपण वॉर्ड ऑफिसात, झोपडपट्टी पुनर्वसन कार्यालयात आणि कामगार आयुक्तांकडे गेलो, तर त्यांना आपल्याला राहणीमानाचे प्रवचन देता येणार नाही. महाडला आपण पाण्यावरचा हक्क सांगितला. हवेवरचा हक्क सांगायचा अजून बाकी आहे.

ताईने परवा पुन्हा तसबीर उतरवली. या वेळी भिंत पुसण्याआधी तिने तिचा फोटो काढला आणि आम्हाला पाठवला. खाली तारीख लिहिली होती आणि तिच्या मजल्यावरच्या इतर अकरा घरांचे क्रमांक.

जय भीम!